‘जोराचा वारा’ म्हणजे नेमका किती? साऱ्या जगाला हे ठरवून देणारा फ्रान्सिस बोफर्ट

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. हवामान खात्याने त्याला ‘तीव्र चक्रीवादळ’ म्हटलं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, वादळ मोठं आहे म्हणून कुणीतरी ‘तीव्र’ हा शब्द जोडला असेल. प्रत्यक्षात या शब्दाला पक्की हद्द आहे. सतत वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी ८९ ते ११७ किलोमीटर असेल तरच ‘तीव्र’. ८८ असेल तर नुसतं ‘चक्रीवादळ’ आणि ११८ झाला की ‘अति तीव्र’.

म्हणजे हा शब्द लिहिणारा अलिबागचा असो, चेन्नईचा असो की दिल्लीचा, त्याचा अर्थ बदलत नाही. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी वाऱ्याबद्दल असं लिहिताच येत नव्हतं. प्रत्येक जहाजाचा वारा वेगळा आणि प्रत्येक कप्तानाचं वादळ वेगळं, अशी परिस्थिती होती.

ही परिस्थिती बदलण्यात ज्याचा सगळ्यात मोठा वाटा होता, त्याचं नाव फ्रान्सिस बोफर्ट. मराठीत काही ठिकाणी ते ‘ब्यूफोर्ट’ असंही लिहिलं जातं.

चुकीच्या नकाशाने दिलेला पहिला धडा

बोफर्टचा जन्म २७ मे १७७४ चा, आयर्लंडमधल्या नावन या गावचा. वडील डॅनियल बोफर्ट पेशाने पाद्री, पण त्यांना नकाशांचा भारी नाद. त्यांनी तयार केलेला आयर्लंडचा नकाशा १७९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो चांगलाच नावाजला गेला. मोजायचं कसं आणि मोजलेलं कागदावर नीट उतरवायचं कसं, हे फ्रान्सिसने घरातच पाहिलं होतं.

शाळा सुटली चौदाव्या वर्षी. १७८९ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘व्हॅन्सिटार्ट’ या जहाजावर रुजू झाला. हे जहाज आजच्या इंडोनेशियातल्या गास्पर सामुद्रधुनीत पोचलं. तिथले सागरी नकाशे भरवशाचे नव्हते, आणि ते दुरुस्त करण्यासाठी मोजमापं घेण्याचं कामही याच जहाजाकडे होतं. ते चालू असतानाच जहाज पाण्याखालच्या खडकावर आपटलं आणि कायमचं गेलं.

पंधरा वर्षांच्या पोराने पहिल्याच मोठ्या सफरीत आपलं जहाज बुडताना पाहिलं. समुद्रावर चुकीची नोंद माणसांच्या जिवावर उठते, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पुढच्याच वर्षी तो ब्रिटिश नौदलात गेला. फ्रान्सशी लढायांचा तो काळ. १८०० च्या ऑक्टोबरमध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर शत्रूचं ‘सान होसेफ’ हे जहाज ताब्यात घेण्याच्या चकमकीत त्याला तब्बल १९ जखमा झाल्या. तो वाचला, पण बराच काळ समुद्रापासून दूर राहावं लागलं.

ही सक्तीची विश्रांतीही वाया गेली नाही. त्याच्या बहिणीचे यजमान रिचर्ड एजवर्थ हे नामांकित संशोधक होते. विजेची तार यायला अजून वेळ होता, पण उंच जागी खांब उभारून त्यांवरच्या खुणांनी निरोप पाठवायची यंत्रणा ते बसवत होते. डब्लिन ते गॉलवे अशी ही रांग उभी करायला १८०३-०४ मध्ये बोफर्टने मदत केली.

या यंत्रणेत खुणांमधून आकडे पाठवले जायचे आणि पलीकडचा माणूस कोशात पाहून त्या आकड्याचा शब्द शोधायचा. पाठवणारा आणि वाचणारा या दोघांकडे एकच कोश असेल तरच निरोप पोचणार. बोफर्टने पुढे वाऱ्याच्या बाबतीत नेमकं हेच केलं.

लॉगबुक नावाचं ऑफिस

जहाजावर लिहिण्याचं काम प्रचंड असतं. लॉगबुक म्हणजे जहाजाची रोजची नोंदवही. दिशा, वेग, वारा, आभाळ, कोणती शिडं वर होती, काय मोडलं, काय दुरुस्त केलं, हे सगळं त्यात लिहायचं. सफर संपली की ही वही वरिष्ठांकडे जाते. अपघात झाला तर चौकशीत पहिल्यांदा हीच वही उघडली जाते.

आता अडचण बघा. एका अधिकाऱ्याने लिहिलं, ‘वारा जोराचा’. त्याच दिवशी, त्याच समुद्रात दुसऱ्याने लिहिलं, ‘वारा मध्यम’. यात खोटं कुणीच लिहिलेलं नाही. पहिला नवखा आहे, दुसऱ्याचे केस समुद्रावर पांढरे झालेत. पहिल्याचं जहाज लहान आहे, दुसऱ्याचं अवाढव्य. प्रत्येकजण वाऱ्याऐवजी स्वतःचा अनुभव लिहीत होता.

वाचणाऱ्याची तर पंचाईतच. या भागात जूनमध्ये जहाज न्यावं की नाही? डोलकाठी मोडली ती कप्तानाच्या हलगर्जीपणामुळे की खरंच वारा तसा होता? वहीत उत्तर होतं, पण ते वाचता येत नव्हतं. वाऱ्याचा वेग मोजणारं साधं, स्वस्त आणि डुलत्या जहाजावर चालणारं उपकरण तेव्हा नव्हतं. शब्दांवरच भागवायचं होतं.

१३ जानेवारी १८०६

१८०५ मध्ये बोफर्टला ‘वुलिच’ या जहाजाची कमान मिळाली. हे जहाज मुख्यतः मालवाहतुकीचं होतं. लढाईत नाव कमवायची स्वप्नं बघणाऱ्या अधिकाऱ्यासाठी ही फारशी मानाची नेमणूक नव्हती. पण बोफर्टला नोंदी ठेवायची सवय होती आणि इथे त्यासाठी वेळ होता.

१३ जानेवारी १८०६ रोजी त्याने आपल्या डायरीत ठरवून टाकलं की यापुढे वाऱ्याचा जोर शून्य ते १३ या आकड्यांत लिहायचा. पुढच्या वर्षी त्यात काटछाट करून त्याने शून्य ते १२ अशी श्रेणी केली. शून्य म्हणजे वारा पूर्ण पडलेला. १२ म्हणजे ज्याच्यापुढे काहीच टिकत नाही असं तुफान.

ही कल्पना काही आभाळातून पडली नव्हती. लेखक डॅनियल डीफोने शंभर वर्षं आधी वाऱ्याच्या पायऱ्या मांडल्या होत्या. पवनचक्क्यांचा अभ्यास करणारे इंजिनिअर जॉन स्मीटन यांनी अशी यादी केली होती. ईस्ट इंडिया कंपनीचे आणि नंतर नौदलाचे नकाशातज्ज्ञ अलेक्झांडर डॅलरिंपल यांनी तीच पुढे नेली होती. बोफर्टचं नाव राहिलं, याचं कारण त्याने शब्दांबरोबर केलेल्या दोन गोष्टी.

पहिली गोष्ट, त्याने नवे शब्द घडवायचा हट्ट धरला नाही. मंद झुळूक, ताजा वारा, सोसाट्याचा वारा, वादळ, अशा अर्थाचे जे शब्द खलाशांच्या तोंडात आधीपासून होते तेच घेतले. विद्वानांची लॅटिन किंवा ग्रीक नावं आणली नाहीत. कारण हे शब्द वापरणार होता तो रात्री दोन वाजता, ओल्या कपड्यांनी, कंदिलाच्या उजेडात वही भरणारा माणूस.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रत्येक शब्द त्याने डोळ्यांना दिसेल अशा गोष्टीला बांधून टाकला. ती गोष्ट म्हणजे शिडं. चांगल्या स्थितीतली एक युद्धनौका डोळ्यांसमोर धरायची. जहाज सुकाणूला जेमतेम दाद देतं, तेवढा वारा म्हणजे १. सगळी शिडं लावून शांत पाण्यात १ ते २ नॉट वेग मिळतो तेव्हा २. नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. ३ ते ४ नॉट मिळाला तर आकडा ३ आणि ५ ते ६ नॉट मिळाला तर ४.

त्याच्या वरच्या वाऱ्यात वेग उपयोगाचा नाही, कारण खलाशी शिडं कमी करायला लागतात. मग ५ ते ९ साठी प्रश्न बदलायचा: शत्रूचा पाठलाग करताना हे जहाज जास्तीत जास्त किती शिडं पेलू शकेल? ५ ला सगळ्यात वरची छोटी शिडंही चालतात. आकडा वाढत जातो तशी वरची शिडं उतरतात, उरलेली गुंडाळून लहान होतात. १० आणि ११ ला प्रश्न तग धरण्याचा. १२ ला एकही शीड टिकत नाही.

आता अधिकाऱ्याला ‘तुला कसं वाटतंय’ असं कुणी विचारत नव्हतं. वर किती शिडं आहेत ते बघ आणि आकडा लिही. नवखा आणि जुना, दोघेही एकाच उत्तराला पोचू लागले.

त्याने आभाळासाठीही अक्षरं ठरवली. निळ्या आकाशासाठी ‘बी’, ढगांसाठी ‘सी’, पावसासाठी ‘आर’, धुक्यासाठी ‘एफ’. ज्या वर्णनाला एक वाक्य लागायचं ते दोन-तीन अक्षरांत मावू लागलं.

एकट्याची डायरी सगळ्यांची पद्धत कशी झाली?

खरं सांगायचं तर पुढची वीस-बावीस वर्षं ही श्रेणी मुख्यतः बोफर्टच्या स्वतःच्या वह्यांतच होती. या काळात त्याने तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याचं सर्वेक्षण केलं. जून १८१२ मध्ये तिथे झालेल्या हल्ल्यात गोळी लागून त्याच्या कमरेचं हाड मोडलं आणि त्याची समुद्रावरची कारकीर्द तिथेच संपली. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. नवरी होती अ‍ॅलिशिया विल्सन, बुडालेल्या ‘व्हॅन्सिटार्ट’च्या कप्तानाची मुलगी. तुर्कस्तानच्या कामावर त्याने लिहिलेलं पुस्तक १८१७ मध्ये आलं.

१८२९ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, तो ब्रिटिश नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाचा प्रमुख झाला. या वयात लोक निवृत्तीचा विचार करतात. बोफर्टने त्या खुर्चीत पंचवीसहून जास्त वर्षं काढली. जगभरच्या किनाऱ्यांची सर्वेक्षणं त्याच्या हाताखाली झाली. १८३३ मध्ये भरती-ओहोटीची अधिकृत वेळापत्रकं सुरू झाली. १८३४ पासून खलाशांसाठी सूचनापत्रकं निघू लागली, म्हणजे कुठे नवा खडक सापडला, कुठला दिवा हलवला, याची माहिती ठरावीक पद्धतीने सगळ्यांना मिळू लागली.

१८३१ मध्ये ‘बीगल’ जहाज निघालं. याच जहाजावर पुढे जगप्रसिद्ध झालेला चार्ल्स डार्विन होता आणि त्याला तिथे पोचवणाऱ्या पत्रव्यवहाराची सुरुवात बोफर्टनेच केंब्रिजला केली होती. ‘बीगल’चा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय याला दिलेल्या सूचनांमध्ये बोफर्टने आपली वाऱ्याची श्रेणी घातली. आधी एका जहाजावर, एका शिस्तीच्या कप्तानाकडून वापरून पाहिली. मग १८३८ मध्ये ती संपूर्ण नौदलाला बंधनकारक झाली.

त्या काळात शब्दांची साफसफाई इतरही ठिकाणी चालू होती. इंग्रजी खलाशी जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ आणि डाव्या बाजूला ‘लारबोर्ड’ म्हणत. सोसाट्याच्या वाऱ्यात ओरडून दिलेल्या हुकमात हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू यायचे. सुकाणू डावीकडे वळवायचं की उजवीकडे, यात घोळ झाला तर जहाज खडकावर. १८४४ मध्ये नौदलाने ‘लारबोर्ड’ बंद केला आणि डाव्या बाजूला ‘पोर्ट’ म्हणायचं ठरवलं. शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, पण तो ऐकताना धोका होता, एवढं कारण पुरलं.

आपल्याकडे कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा अधिकारी वादळांचा अभ्यास करत होता. त्याची अडचण अशी होती की वादळाचे प्रचलित शब्द कधी वाऱ्याचा जोर सांगायचे, तर कधी त्याचं गोल फिरणं. खलाशाचा जीव वाचायचा तर वारा गोल फिरतोय हे त्याला स्वतंत्रपणे कळायला हवं. म्हणून पिडिंग्टनने १८४८ च्या पुस्तकात नवा शब्द दिला, ‘सायक्लोन’. जुना शब्द दोन अर्थ वाहत असेल तेव्हा नवा शब्द घडवणं भागच असतं, त्याचं हे उदाहरण.

स्पष्ट लिहिणाऱ्याची गुप्त डायरी

गंमत म्हणजे, साऱ्या नौदलाला एका भाषेत लिहायला लावणारा हा माणूस स्वतःच्या खासगी डायरीतला काही मजकूर सांकेतिक लिपीत लिहायचा. त्याच्या मृत्यूनंतर भावाने प्रसिद्ध केलेली एक गुप्तलेखन पद्धत आजही ‘बोफर्ट सायफर’ म्हणून ओळखली जाते. चरित्रकारांनी पुढे त्या नोंदी उलगडल्या, तेव्हा वैयक्तिक आयुष्यातली त्याची अपराधी भावना त्यातून समोर आली. कुणासाठी लिहितोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वही सगळ्यांची असेल तर प्रत्येकाला कळलं पाहिजे आणि डायरी आपली असेल तर कुणालाच कळता कामा नये.

१८४८ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. १८५५ मध्ये, ऐंशी वर्षांचा असताना, त्याने कार्यालय सोडलं आणि १७ डिसेंबर १८५७ रोजी त्याचं निधन झालं. आर्क्टिकमधला बोफर्ट समुद्र त्याच्याच नावाचा.

शिडं गेली, आकडे राहिले

बोफर्टच्या हयातीतच त्याच्या श्रेणीचा पाया हलायला लागला होता. वाफेची जहाजं आली. ज्या जहाजाला शीडच नाही त्याने आकडा कुठून काढायचा?

इथे त्या रचनेची ताकद दिसली. आकडे आणि शब्द तसेच ठेवून फक्त त्यांना बांधलेली खूण बदलली. शिडांऐवजी समुद्राचं रूप आलं: लाटांचे माथे फुटतात का, फेस कुठवर उडतो. १९०६ मध्ये जॉर्ज सिम्पसन या शास्त्रज्ञाने जमिनीवरच्या खुणा आणि वाऱ्याचे वेग या आकड्यांना जोडून दिले. हेच सिम्पसन त्याच वर्षी शिमल्याला भारतीय हवामान खात्यात रुजू झाले.

जमिनीवरच्या खुणा तर आपल्या खिडकीतूनही दिसतील अशा आहेत. धूर सरळ वर जातो तेव्हा शून्य. चेहऱ्याला वारा जाणवतो आणि पानं सळसळतात तेव्हा २. धूळ आणि कागदाचे कपटे उडतात तेव्हा ४. छत्री सांभाळणं अवघड होतं तेव्हा ६. झाडांच्या डहाळ्या मोडतात तेव्हा ८. झाडं मुळासकट उपटतात तेव्हा १०.

तिकडे फिट्झरॉयही गप्प बसला नव्हता. ऑक्टोबर १८५९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ जहाज वादळात फुटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा तो ब्रिटनच्या हवामान विभागाचा प्रमुख होता. १८६१ पासून त्याने बंदरांना तारेने वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. आपण सांगतोय ते भविष्य किंवा भाकीत नाही हे लोकांना कळावं म्हणून त्याने मुद्दाम ‘फोरकास्ट’ हा शब्द निवडला. मराठीत आपण त्याला ‘अंदाज’ म्हणतो, आणि तेही योग्यच आहे.

आता हवामान खात्याच्या शब्दांकडे पाहू. चक्रीवादळ म्हणजे ताशी ६२ ते ८८ किलोमीटर, हे बोफर्टचे ८ आणि ९. तीव्र चक्रीवादळ म्हणजे ८९ ते ११७, हे १० आणि ११. अति तीव्र सुरू होतं ११८ पासून, म्हणजे बोफर्टच्या १२ पासून. हद्दी तंतोतंत जुळतात.

ऑफिसात याचा काय उपयोग?

बोफर्टचा प्रश्न आजही रोज कुठे ना कुठे उभा राहतो. कारखान्यातल्या सूचनेत लिहिलेलं असतं, ‘बोल्ट नीट आवळा’. नीट म्हणजे किती? ‘मशीन जास्त तापल्यास बंद करा’. जास्त म्हणजे किती अंश? ‘काम लवकरात लवकर पूर्ण करा’. आज की या आठवड्यात? लिहिणाऱ्याच्या डोक्यात उत्तर पक्कं असतं, पण कागदावर फक्त विशेषण पोचतं.

बोफर्टच्या कामातून तीन साधे नियम निघतात. वापरणाऱ्याच्या तोंडी चांगला शब्द असेल तर तोच घ्यावा. तो शब्द कुणालाही दिसेल किंवा मोजता येईल अशा खुणेला बांधावा. आणि एकदा बांधला की सगळ्या कागदांवर त्याच अर्थाने वापरावा, भाषा नटवण्यासाठी मध्येच दुसरा शब्द आणू नये. निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की खटकतं. सूचनेत मात्र तोच शब्द पुन्हा आला तर वाचणारा निर्धास्त होतो.

हे न केल्याची किंमत किती, तेही मोजलं गेलंय. जुन्या काळचं हवामान समजून घ्यायचं म्हणून युरोपातल्या संशोधकांनी २००० ते २००३ या काळात १७५० ते १८५४ दरम्यानची जहाजांची लॉगबुकं अभ्यासायला घेतली. इंग्रजी, डच, फ्रेंच, स्पॅनिश अशा वह्यांत वारा रोज लिहिलेला होता, पण प्रत्येकाच्या शब्दांत. तो वाचण्यासाठी त्यांना आधी त्या शब्दांचा एक अख्खा बहुभाषी कोश तयार करावा लागला. कोशातल्या प्रत्येक जुन्या शब्दापुढे त्यांनी लिहिला तो बोफर्टचा आकडा.